एका आडव्या रेघेची दुरुस्ती

संगणकाच्या कळफलकावर शून्याच्या कळीशेजारी एक लहानशी आडवी रेघ असते. शाळकरी मुलगा तिला वजाबाकीचे चिन्ह म्हणून ओळखतो. पत्र लिहिणारा गृहस्थ तिने दोन शब्द जोडतो. संगणकाला आज्ञा देणारा तंत्रज्ञ तिच्यापुढे एखादे अक्षर लिहून आज्ञेचा पर्याय निवडतो. कामे तीन, पण कळ एकच. ही काटकसर जुनी आहे. टंकलेखन यंत्रावर जागा थोडी, म्हणून संयोगचिन्ह आणि उणे चिन्ह ह्या दोन भिन्न खुणा एकाच कळीवर बसविण्यात आल्या. पुढे दूरमुद्रक आले. त्यांनी तीच सोय उचलली. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना क्रमांक देणारी अ‍ॅस्की ही संकेतावली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातही ह्या रेघेच्या वाट्याला एकच क्रमांक आला, तो म्हणजे ४५.

वाचकाने अशी कल्पना करावी की, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी लिनक्स प्रणालीच्या संगणकापुढे बसली आहे. तिला काही निरुपयोगी फाइली पुसून टाकावयाच्या आहेत. फाइली पुसण्याच्या आज्ञेचे नाव आहे 'आरएम'. आज्ञेपुढे आडवी रेघ आणि 'आय' हे अक्षर लिहिले, तर प्रत्येक फाइल पुसण्यापूर्वी संगणक "पुसू का?" असे विचारतो, ही माहिती तिला एका माहितीपृष्ठात मिळते. चूक होऊ नये म्हणून ती तेथील दोन चिन्हे हाताने न लिहिता पृष्ठावरूनच उचलते आणि आज्ञेत ठेवते. संगणक प्रथम एक तक्रार छापतो, की अशा नावाची फाइल येथे नाही. आणि त्यानंतर एकही प्रश्न न विचारता उरलेल्या साऱ्या फाइली पुसून मोकळा होतो.

असे का व्हावे? पृष्ठावर तिला जी रेघ दिसली ती क्रमांक ४५ ची रेघ नव्हती. आजच्या संगणकांवर युनिकोड ही संकेतावली चालते. तिच्या पहिल्या आवृत्तीस १९९१ साली आरंभ झाला, आणि तिने जुन्या रेघेबरोबरच तिच्या सख्ख्या भावंडांनाही स्वतंत्र क्रमांक दिले. निव्वळ संयोगचिन्हाचा क्रमांक ८२०८, किंचित लांब अशा अपसारणचिन्हाचा ८२११, गणितातील उणे चिन्हाचा ८७२२. डोळ्यांना ही सारी रूपे जवळजवळ एकसारखी दिसतात; संगणकाला ती एकमेकांशी सुतराम संबंध नसलेली चार अक्षरे वाटतात. पर्यायाची खूण तो केवळ ४५ क्रमांकालाच मानतो. विद्यार्थिनीने उचललेली रेघ ८२०८ क्रमांकाची होती. म्हणून पुढचे अक्षर धरून ते सबंध एखाद्या फाइलीचे नाव असावे असा त्याने अर्थ केला, ती फाइल सापडली नाही असे प्रामाणिकपणे कळविले, आणि पुढच्या कामास लागला. सावधगिरीचा पर्याय त्याच्या दृष्टीने दिलाच गेला नव्हता.

ही चूक ना विद्यार्थिनीची, ना संगणकाची. ती माहितीपृष्ठ लिहिणाराची आहे, आणि तीही भाषेची वा माहितीची नव्हे, तर खुणेची. पृष्ठाच्या मूळ लेखनात त्या रेघेमागे आणखी एक चिन्ह असावयास हवे होते, ते राहून गेले.

छापखान्यातील शाई

खुणांचा हा व्यवहार संगणकाने निर्माण केलेला नाही. हस्तलिखित छापखान्यात आले की ते जुळाऱ्याच्या हाती पडण्यापूर्वी संपादकाच्या मेजावरून जात असे. तो शाईने त्यावर खुणा करी. शब्दाखाली सरळ रेघ ओढली की तो तिरप्या टंकात जुळवावयाचा, नागमोडी रेघ ओढली की ठळक टंकात, असा संकेत इंग्रजी छापखान्यांत रूढ होता. ह्या खुणा छापावयाच्या नसत. छपाई कशी करावी एवढेच त्या सांगत. मजकूर आणि मजकुराविषयीची सूचना अशा दोन गोष्टी एकाच कागदावर नांदत, आणि त्या निरनिराळ्या ओळखण्याचे काम जुळाऱ्याची बुद्धी करी. 'मार्कअप' हा आज संगणकाच्या परिभाषेत गेलेला शब्द ह्याच मेजावरून उचललेला आहे.

जुळारी हा शहाणा मनुष्य. खूण अर्धवट राहिली तरी त्याला आशय कळे. फारच संशय आला तर तो विचारावयास येई. संगणकाच्या ठायी हे शहाणपण नाही. सूचना कोणती आणि मजकूर कोणता हे ठरविण्यासाठी त्याला एखादा अगदी ठोकळेबाज नियम लागतो. तो नियम काय असावा, ह्याचे एक उत्तर १९६४ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत जेरोम सॉल्टझर ह्यांनी दिले. प्रबंधाचा आराखडा नीटनेटका छापून निघावा म्हणून त्यांनी 'रनऑफ' नावाची आज्ञावली रचली. तिचा नियम असा होता की, ओळीच्या अगदी आरंभी टिंब आले तर ती ओळ सूचना समजावी. एरवी ती मजकूर समजावी. पूर्णविराम वाक्याच्या शेवटी येतो, ओळीच्या तोंडाशी तो कोणी घालीत नाही, ह्या साध्या निरीक्षणावर हा नियम उभा होता.

हीच कल्पना पुढे बेल प्रयोगशाळेत गेली. तेथे केन टॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांना युनिक्स प्रणालीसाठी मोठे यंत्र हवे होते, परंतु नुसत्या प्रणालीसाठी पैसा मिळण्यासारखा नव्हता. तेव्हा लेखनाची मांडणी करून देणारे साधन तयार करतो असे सांगून पीडीपी-११ हे यंत्र मिळविण्यात आले, आणि १९७१ साली त्या प्रयोगशाळेच्या पेटंट विभागातील टंकलेखक अर्जांचे मसुदे त्यावर तयार करू लागले. ज्या प्रणालीचे वंशज आज जगातील असंख्य यंत्रांवर चालतात, तिच्या संसाराला पहिला आधार कारकुनी कागदपत्रांच्या मांडणीने दिला, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात सहसा ठळकपणे सांगितली जात नाही. त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी युनिक्सच्या माहितीग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली. एकेका आज्ञेला एकेक छोटे प्रकरण, त्यात आज्ञेचे नाव, तिची रचना आणि वर्णन, अशी तिची मांडणी होती. आजच्या माहितीपृष्ठांचा सांगाडा मूलतः तोच आहे.

मांडणी करणारी आज्ञावली प्रथम 'रॉफ' नावाने ओळखली जाई. जो ओसाना ह्यांनी तिची 'एनरॉफ' आणि 'ट्रॉफ' अशी दोन रूपे सिद्ध केली. पहिले टंकलेखन यंत्रासारख्या साध्या उपकरणासाठी, दुसरे प्रकाशाच्या साहाय्याने अक्षरे उमटविणाऱ्या छपाईयंत्रासाठी. १९७७ साली ओसाना निवर्तले. त्यानंतर ब्रायन कर्निघॅन ह्यांनी ट्रॉफची अशी पुनर्रचना केली की ती कोणत्याही एका छपाईयंत्राशी बांधलेली राहू नये. १९९० साली जेम्स क्लार्क ह्यांनी 'ग्रॉफ' ही तिची मुक्त आवृत्ती लिहिली, आणि लिनक्सवरील बहुतेक माहितीपृष्ठे आजही तिच्याच हातून पडद्यावर येतात.

गिळलेली ओळ

टिंबाचा नियम सोपा खरा, परंतु सोप्या नियमालाही फटी असतात. युनिक्सवर टिंबाने आरंभ होणारी फाइलींची नावे पुष्कळ आहेत. वापरणाराच्या आवडीनिवडी जीत साठवतात ती '.प्रोफाइल' ही फाइल त्यांपैकीच. लेखकाने सरळ मनाने वाक्य लिहिले, मजकुराची ओळ मोडली, आणि योगायोगाने ते नाव नेमके नव्या ओळीच्या तोंडाशी आले, तर ग्रॉफ त्या सबंध ओळीकडे सूचना म्हणून पाहतो. असल्या नावाची सूचना त्याला ठाऊक नसते. ठाऊक नसलेल्या सूचनेकडे दुर्लक्ष करावे असा त्याचा शिरस्ता आहे. परिणामी ती ओळ मुकाट्याने नाहीशी होते. वाक्याचा पूर्वार्ध आणि पुढच्या ओळीतील उत्तरार्ध एकमेकांना चिकटतात. कधी कधी ते जोडवाक्य व्याकरणाला इतके धरून असते की वाचणाराला काही हरवल्याची शंकाही येत नाही.

ह्यावर उपाय दोन चिन्हांचा आहे. टिंबापूर्वी '\&' अशी खूण करावयाची. ही खूण रुंदी नसलेले, न दिसणारे असे एक अक्षर निर्माण करते. त्यामुळे टिंब ओळीतील पहिले चिन्ह राहत नाही आणि ओळ वाचते. छापलेल्या पृष्ठावर दुरुस्तीचा मागमूसही उरत नाही. उलटी तिरकी रेघ (\) हीच मुळात ग्रॉफची दुसरी सूचनाखूण आहे; तिच्यापुढचे अक्षर मजकूर नसून आदेश आहे असे ती सांगते. येथे आणखी एक खड्डा लपलेला आहे. सी भाषेतही हीच रेघ वापरतात, आणि तिच्यापुढे 'एन' हे अक्षर आले की नवी ओळ सुरू करावी असा तेथे अर्थ होतो. सी भाषेतील उदाहरण जसेच्या तसे माहितीपृष्ठात उतरविले, की ग्रॉफ तीच दोन चिन्हे वाचून 'अमुक कोठारातील संख्या येथे मांड' असा आदेश समजतो, आणि उदाहरणातील ती जागा विद्रूप होते. शिकणारा मुलगा ते उदाहरण उतरवून घेतो, ते चालत नाही, आणि आपल्यालाच काही येत नाही असे त्याला वाटते. खुणांच्या चुकांचे हे सर्वांत वाईट अंग होय. माहिती चुकली तर जाणकार ती ओळखतो; खूण चुकली तर ज्याला माहिती मुळीच नाही त्यालाच ती फसवते.

हलक्या खुणांचे युग

टिंब आणि उलट्या रेघांनी भरलेले लेखन वाचावयास रुक्ष. लेखकाला लिहिताना अडचण वाटू नये म्हणून पुढे हलक्या खुणांच्या पद्धती निघाल्या. पत्रव्यवहारात माणसे जोर देण्यासाठी शब्दाभोवती तारका घालीतच होती. त्या सवयीलाच नियमाचे रूप देण्यात आले. २००४ साली जॉन ग्रुबर ह्यांनी ॲरन स्वार्ट्झ ह्यांच्या सहकार्याने 'मार्कडाउन' ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या आधीच पायथॉन भाषेच्या वर्तुळात डेव्हिड गुडजर ह्यांनी 'रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट' ही पद्धत घडविली होती. पायथॉनची अधिकृत माहितीपुस्तके आरंभी लॅटेक्स पद्धतीने लिहीत. गेऑर्ग ब्रांडल ह्यांनी २००७ साली ती रिस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आणली, आणि त्यासाठी रचलेली 'स्फिंक्स' ही आज्ञावली २००८ साली सर्वांना खुली केली.

ह्या दोन पद्धती दिसावयास बहिणी, स्वभावाने मात्र वेगळ्या. मार्कडाउनमध्ये आज्ञेचे नाव `असे` एकेरी उलट्या अवतरणचिन्हांत घालतात, आणि ते टंकलेखनाच्या अक्षरांत उमटते. रिस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये त्याच कामासाठी ती चिन्हे ``अशी`` दुहेरी लागतात. एकेरी घातली तर शब्द केवळ तिरपा होतो. एका पद्धतीची सवय हाताला लागलेला लेखक दुसरीत लिहू लागला की ही चूक हटकून होते, आणि मुक्त आज्ञावलींच्या पुस्तिकांत आजवर झालेल्या खुणांच्या दुरुस्त्यांत हिचा वाटा फार मोठा आहे. वरवर पाहता ती निरुपद्रवी वाटते. परंतु स्फिंक्स साध्या गद्याला शोभा आणण्यासाठी सलग आलेल्या दोन आडव्या रेघांचे एक अपसारणचिन्ह करून टाकतो. टंकलेखनाच्या अक्षरांत मात्र तो हात घालीत नाही. म्हणजे '--हेल्प' हा पर्याय खुणेवाचून गद्यात पडला, तर पुस्तिकेत तो '–हेल्प' असा छापला जातो, आणि आरंभी सांगितलेल्या विद्यार्थिनीची कथा नव्या रेघेनिशी पुन्हा घडते.

पायथॉनमध्ये काही नावांच्या दोन्ही बाजूंस दुहेरी अधोरेषा असतात, उदाहरणार्थ __इनिट__. मार्कडाउनमध्ये दुहेरी अधोरेषा म्हणजे ठळक टंकाची खूण. तेव्हा अधोरेषा लुप्त होतात आणि 'इनिट' एवढेच ठळक अक्षरांत उरते. नावाचा प्राणच निघून जातो. रिस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये परिच्छेदाच्या शेवटी दोन अपूर्णविराम (::) दिले की पुढचा आत सरकवलेला भाग जसाच्या तसा उमटतो. एकच दिला तर तो साधे गद्य समजला जातो, त्यातील ओळी एकमेकींत मिसळतात, आणि चिन्हांनी काळजीपूर्वक काढलेली आकृती ढासळून एक अर्थशून्य परिच्छेद होतो. एका अपूर्णविरामाचा हा फरक.

मराठी लेखकाला ह्या पद्धतीत आणखी एक अडचण येते, आणि ती त्याच्या भाषेच्या स्वभावातून येते. मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटून लिहितात. 'एलएस' ह्या आज्ञेने फाइलींची यादी मिळते हे सांगताना तो स्वाभाविकपणे ``एलएस``ने असे लिहील. रिस्ट्रक्चर्डटेक्स्टचा नियम असा की, खूण संपल्यावर लगेच मोकळी जागा किंवा विरामचिन्ह आले पाहिजे. अक्षर आले तर ती खूण संपलेलीच नाही असे समजावे. इंग्रजीत शब्दयोगी पदे सुटी असल्यामुळे हा नियम तेथे सहसा आड येत नाही. मराठीत तो पावलोपावली आड येतो. जपानी लेखनात तर शब्दांमध्ये मोकळी जागाच सोडीत नाहीत. त्या भाषेतील अनुवादकांनाही हाच प्रश्न पडतो. त्यावर उपाय म्हणजे उलटी रेघ आणि तिच्यामागोमाग एक मोकळी जागा: ``एलएस``\ ने. ही जोडी नियमाचे समाधान करते आणि छपाईत स्वतः नाहीशी होते. प्रत्यय शब्दाला जिथल्या तिथे चिकटलेला राहतो. नियम सैल करण्याची सोयही आज्ञावलीत आहे, परंतु ती मुद्दाम चालू करावी लागते. एका भाषेला समोर ठेवून रचलेल्या यंत्रात दुसऱ्या भाषेने कसे राहावे, ह्याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण होय.

दुरुस्तीची रीत

मुक्त आज्ञावलीचे वैशिष्ट्य असे की तिचा मूळ पाठ सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येतो. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा करताना हीच भूमिका घेतली होती. १९९१ साली लिनस टॉरवल्ड्झ ह्यांनी लिनक्सचे गाभ्याचे काम आरंभले. आणि 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ पासून रूढ झाले. मूळ पाठ खुला म्हणजे पुस्तिकेचाही पाठ खुला. ज्याला चूक दिसली तो ती सुधारून पाठवू शकतो.

काम शांतपणे करावे लागते. छापील रूपात काही खटकले, की प्रथम मूळ पाठातील नेमकी जागा शोधावयाची. कारण तीच पुस्तिका निरनिराळ्या उपकरणांवर निरनिराळी दिसते, आणि दोष कधी पाठात असतो तर कधी दाखविणाऱ्या आज्ञावलीत. दोष पाठातच आहे अशी खात्री झाली की खूण बदलावयाची, सबंध पुस्तिका पुन्हा घडवून पाहावयाची, आणि जुने व नवे रूप शेजारी ठेवून ताडून बघावयाचे. एका जागी घातलेली उलटी रेघ दहा ओळी खाली भलतेच काही करीत नाही ना, हे पाहिल्यावाचून सुटका नाही. नंतर दोन पाठांतील फरक एका छोट्या फाइलीत उतरवून, दुरुस्ती का केली ते दोन ओळींत सांगून ती प्रकल्पाच्या पालकांकडे पाठवावयाची. असे फरक आपोआप मूळ पाठात बसविणारी 'पॅच' ही आज्ञावली लॅरी वॉल ह्यांनी १९८५ साली लिहिली होती. आज बहुधा 'गिट' ही २००५ सालची व्यवस्था ते काम करते, आणि एका टिंबाची दुरुस्तीदेखील तिच्या नोंदीत कर्त्याच्या नावासह कायम राहते. कित्येकांचा मुक्त आज्ञावलींच्या कामात प्रवेश अशाच दुरुस्तीने होतो.

तथापि अशी प्रत्येक दुरुस्ती पालकांना हवीच असते असे नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. पुस्तिकांचे अनुवाद बहुधा 'गेटटेक्स्ट' पद्धतीने ठेवलेले असतात. तिच्यात मूळ वाक्य आणि त्याचे भाषांतर यांची जोडी असते. मूळ वाक्यात एक चिन्ह जरी बदलले, तरी त्याच्याशी जोडलेले जर्मन, जपानी, मराठी असे सारे अनुवाद संशयित ठरतात. अनुवादकाने डोळ्यांखालून घालून पुन्हा मान्यता देईपर्यंत ते वाचकाला दिसत नाहीत, त्यांच्या जागी इंग्रजी वाक्य येते. केवळ देखणेपणासाठी दोनशे वाक्यांतील अवतरणचिन्हे बदलणारा उत्साही मनुष्य दोनशे अनुवाद एका दमात झाकून टाकू शकतो. तेव्हा कोणती खूण वाचकाला फसवते आणि कोणती केवळ डोळ्यांना खुपते, हा विवेक आधी केला पाहिजे. पहिली तत्काळ सुधारावी. दुसरीला त्याच वाक्यात इतर काही काम निघेपर्यंत थांबता येते.

मात्र डोळ्यांना मुळीच न खुपणाऱ्या चुकांत काही अतिशय महत्त्वाच्या असतात. शीर्षकाला शीर्षकाची खूण न करता नुसते ठळक अक्षरांत लिहिले, तर डोळस वाचकाला फरक जाणवत नाही. अंध वाचक पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारे साधन वापरतो, आणि एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर उडी घेत आपले प्रकरण गाठतो. खोट्या शीर्षकावर हे साधन थांबत नाही. त्याला सबंध पुस्तिका पहिल्या शब्दापासून ऐकावी लागते.

यंत्राने केलेल्या चुका

लिनक्सच्या गाभ्याची कागदपत्रे दीर्घकाळ दोन तऱ्हांची होती. काही खुणांवाचूनच्या साध्या फाइली, काही डॉकबुक नावाच्या अवजड पद्धतीतील. २०१६ साली, आवृत्ती ४.८ पासून, ती सारी हळूहळू रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि स्फिंक्सच्या छत्राखाली आणण्याचे काम सुरू झाले. कागदपत्रांचे पालकत्व तेव्हा जोनाथन कॉर्बेट ह्यांच्याकडे होते. हे रूपांतर पुष्कळ अंशी यंत्रांकरवी झाले, आणि यंत्रांनी आपल्या परीने सौंदर्यदृष्टी दाखविली. साध्या अवतरणचिन्हांची वळणदार झाली, रेघा लांब झाल्या, साध्या मोकळ्या जागेच्या ठिकाणी ओळ तुटू न देणारी, दिसावयास हुबेहूब तशीच, दुसऱ्या क्रमांकाची मोकळी जागा आली. शोधू जाता शब्द सापडेनासे झाले, कारण शोधणारा साधी जागा लिहीत होता आणि पाठात दुसरीच होती. २०२१ साली अशी चिन्हे निवडून पूर्ववत करण्याची एक मोठी मोहीम निघाली. तेव्हा वादही झाला. गद्यात अपसारणचिन्ह हेच योग्य चिन्ह असेल, तर ते केवळ नव्या संकेतावलीतील आहे एवढ्यासाठी का काढावे, असा आक्षेप काहींनी घेतला. तो रास्त होता. आज्ञेतील रेघ आणि वाक्यातील रेघ ह्यांना एकच न्याय लावता येत नाही.

ह्याच मुद्द्यावर माहितीपृष्ठांच्या जगातही रस्सीखेच झाली. ट्रॉफच्या मूळ नियमाप्रमाणे नुसती रेघ (-) म्हणजे संयोगचिन्ह, आणि उलट्या रेघेसह आलेली रेघ (\-) म्हणजे उणे चिन्ह. माहितीपृष्ठांत ह्या दुसऱ्या खुणेचा अर्थ आज्ञेत चालणारी, क्रमांक ४५ ची रेघ असा ठरलेला आहे. परंतु लेखक उलटी रेघ घालावयास सतत विसरतात. त्यांच्या विसराळूपणाचे चटके वाचकाला बसू नयेत म्हणून ग्रॉफ कित्येक वर्षे दोन्ही खुणांची पडद्यावर एकच रेघ, क्रमांक ४५ ची, उमटवीत असे. त्यामुळे चुका दिसेनाशा झाल्या, आणि न दिसणाऱ्या चुका वाढत राहिल्या. डेबियन ह्या लिनक्सच्या वितरणात 'लिंटियन' नावाची तपासणी करणारी आज्ञावली एके काळी अशा जागा वेचून दाखवीत असे, तरी पृष्ठे इतकी होती की सारी सुधारणे दुरापास्तच होते.

जुलै २०२३ मध्ये ग्रॉफची १.२३.० ही आवृत्ती आली आणि तिने ही मेहेरबानी काढून घेतली. नुसती रेघ आता खरोखरच ८२०८ क्रमांकाचे संयोगचिन्ह होऊ लागली. ह्यामुळे पृष्ठांतील चुका उघड होतील, हा हेतू आवृत्तीच्या टिपणात स्पष्टच नमूद केला होता. चुका उघड झाल्याही, पण त्या वाचकांपुढे झाल्या. पृष्ठावरून उचललेल्या आज्ञा चालेनात; पृष्ठात '-आर' असा पर्याय शोधावा तर तो समोर असून सापडेना. पाठ शुद्ध राखू पाहणारे म्हणाले, मूळ दोष पृष्ठात आहे, तो तेथेच काढा. वितरणे सांभाळणारे म्हणाले, सहस्रावधी पृष्ठे सहस्रावधी लेखकांची आहेत, तोवर वाचकाने काय करावे? डेबियनने त्याच वर्षी ग्रॉफच्या स्थानिक मांडणीच्या फाइलीत काही ओळी घालून जुना अर्थ परत आणला. ग्रॉफनेही अशी वाट मुद्दाम मोकळी ठेवली होती.

घाऊक दुरुस्ती यंत्राने करावी, तर तेही जमत नाही. प्रत्येक रेघेमागे उलटी रेघ घालणारी आज्ञावली लिहिणे पाच मिनिटांचे काम आहे; परंतु ती जोडशब्दांतील खऱ्या संयोगचिन्हांनाही ४५ क्रमांकाची रेघ करून ठेवील, आणि पानाच्या कडेशी जेथे शब्द तोडणे योग्य तेथे तो तुटणार नाही. ही रेघ शब्द जोडते आहे की पर्याय दाखविते आहे, हे वाक्य वाचल्यावाचून ठरत नाही. म्हणून ती पृष्ठे आजही एकेक करून, एखाद्या प्रकल्पात एक, दुसऱ्यात चार, अशी सुधारली जात आहेत. सुधारलेले पृष्ठ डेबियनच्या संगणकावर उघडा किंवा ग्रॉफची मूळ वर्तणूक ठेवणाऱ्या दुसऱ्या एखाद्या संगणकावर. 'आरएम'पुढची ती रेघ दोन्हीकडे ४५ क्रमांकाचीच उमटते, आणि त्या स्थानिक ओळींची त्याला गरज पडत नाही.